शेवटच्या पोचेची पोच

पोचवाल्या काकांना कुणी विचारलं, "काका, चहा घेणार?" तर ते म्हणायचे, "चहा घेतो का विचारून राहिली ना? हव, घेतो." आधी आपला प्रश्न आपल्यालाच परत, मग उत्तर. रायपूरजवळच्या उरल्याच्या, सळया बनवणाऱ्या रोलिंग मिलमध्ये मी नेटवर्क इंजिनियर म्हणून लागले तेव्हा पहिल्या आठवड्यात मला वाटलं, यांना कमी ऐकू येतं. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, माझी टिंगल चालली आहे. तिसऱ्या आठवड्यात मी चिडून विचारलंच, की काका, प्रत्येक वाक्य दोनदा का? ते शांतपणे म्हणाले, "तू बोलली ते मी ऐकलं, हे मले माहीत हाय. पण ते तुले माहीत हाय का?" चार वर्षं इंजिनियरिंग शिकून आलेली मी, आणि हे मला कुणी असं विचारलं नव्हतं.

हजेरीपटावर त्यांचं नाव मेश्राम. पण मिलमध्ये ते पोचवाले काका, आणि हिंदी बोलणाऱ्यांचे पोचवाले अंकल. निरोप मिळाल्याचं जो उलटून सांगत नाही, त्याला निरोप मिळालाच नाही असं ते धरून चालत. माझ्या बाबतीत आणखी एक भानगड होती. आम्ही रायपूरच्याच चौबे कॉलोनीतले मराठी, घरी मराठीच. पण घराबाहेर पाऊल टाकलं की माझ्या तोंडून हिंदीच यायची. काका मराठीत विचारत, मी हिंदीत उत्तर देई. एकदा त्यांनी हातातली पक्कड खाली ठेवली. "मराठीत पाठवलं तर मराठीतच पोच देत जा ना पोट्टी. नाही तर मले कसं समजन का तुले तेच समजलं?" तेव्हापासून उरल्यात मी मराठी बोलू लागले. आईला फार आश्चर्य वाटलं.

ही खोड त्यांना रेल्वेतून लागली होती. सिग्नल खात्यात तीस वर्षं त्यांनी एकच यंत्र सांभाळलं, दोन स्टेशनांचे मास्तर ज्याच्यावरून एकमेकांशी घंट्यांनी बोलतात ते. दोन स्टेशनांच्या मधल्या रुळावर एका वेळी एकच गाडी. इकडच्या मास्तराने दोन टोले दिले, की त्याचा अर्थ, लाइन मोकळी आहे का? तिकडच्याने तेवढेच टोले परत द्यायचे. तीन टोले म्हणजे गाडी निघाली. चार म्हणजे गाडी सुखरूप बाहेर पडली, मधे काही अडकलेलं नाही, लाइन मोकळी. प्रत्येक वेळी जितके टोले आले तितकेच परत. "मास्तर बदलले, इंजिनं बदलली," काका सांगत, "पण घंटीची पोच घंटीनं, हे नाही बदललं." मला हे सगळं इतकं आवडलं होतं की मी बोटांनी टेबलावर टोले वाजवून दाखवायची आणि ते तितकेच परत वाजवायचे. कॅन्टीनवाल्याला आम्ही दोघं वेडेच वाटत असू.

निवृत्तीनंतर ते या मिलमध्ये वायरांच्या कामाला आले. संगणक त्यांना येत नव्हता, पण वायर कुठे दुखते ते त्यांना हात लावून कळायचं. उरल्यातली लोखंडाची काळी धूळ संगणक जोडणाऱ्या स्विचच्या पेट्यांत शिरून त्या तापून बंद पडत. काकांनी प्रत्येक पेटीच्या जाळीवर आपल्या जुन्या बनियनचं कापड ताणून बांधलं होतं आणि दर सोमवारी ते झटकत फिरायचे. मी आल्या आल्या ते कापड काढून टाकायला निघाले होते. बरं झालं नाही काढलं.

एकदा दुपारी डबा खाताना त्यांनी विचारलं, "तुह्या कंप्यूटरमंधी पोच असते का वं?" मी खडूने फरशीवर दोन चौकोन काढले. हा म्हणतो, बोलू का? तो म्हणतो, ऐकलं, बोल, आणि मी पण बोलू का? मग हा म्हणतो, ऐकलं. असं तीन वेळा झालं की पुढचं बोलणं सुरू. काका घास हातात धरून त्या चौकोनांकडे पाहतच राहिले. "म्हणजे हे तं आमचंच हाय," ते म्हणाले. इतका खूश झालेला माणूस मी पगाराच्या दिवशीसुद्धा पाहिला नव्हता.

मग मी सांगितलं, की मोठा निरोप एकदम जात नाही, त्याचे तुकडे होतात, प्रत्येकावर क्रमांक असतो. ते हसायला लागले. पोरीच्या लग्नात त्यांनी गोल बाजारातून भांडी घेतली होती आणि ती गोंदियाला पाठवायची होती. एवढा पसारा एका गाडीत, एका माणसाबरोबर जाईना. म्हणून सात पोती केली. प्रत्येकावर लिहिलं, सातातलं पहिलं, सातातलं दुसरं, आणि आत किती नग ते. पोती वेगवेगळ्या गाड्यांनी, नातेवाइकांच्या हाती गेली. सहावं आधी पोचलं, दुसरं शेवटी, चौथं आलंच नाही. व्याह्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, चौथं नाही आलं. "मंग म्या सातही नाही पाठवले परत," काका म्हणाले, "फक्त चौथं शोधलं. दुर्गच्या फलाटावर पडून होतं." मी म्हटलं, काका, आमची यंत्रं नेमकी हेच करतात. पोच आली नाही तर तोच तुकडा पुन्हा पाठवतात. "पाठवाच लागते," ते म्हणाले. "पोच नाही आली तं रुसून नाही बसा लागत. दुसऱ्यांदा पाठवा, तिसऱ्यांदा पाठवा. रस्त्यात काय झालं ते आपल्याले कुठं माहीत असते."

त्यांच्या घरची एक रीत तर मी आजही लोकांना फोनवरच्या फसवणुकीबद्दल शिकवताना सांगते. काकांच्या नावाने कुणीही काकूंना फोन केला, तर काकू पहिल्यांदा विचारत, "आज डब्यात काय होतं?" डबा काकूंनी भरलेला, खाल्ला काकांनी. तिसऱ्याला ते माहीत असायचं कारण नाही, आणि कालचं उत्तर आज चालायचं नाही. कुणी तरी रेल्वेतून बोलतो सांगून शेजाऱ्यांना फसवलं होतं, तेव्हापासून दोघांनी हे ठरवलं होतं. "ओळख पटल्याबिगर लाइन द्यायची नाही," काका म्हणत. मी हे वाक्य पाठच केलं होतं. त्याची काय किंमत पडली ते पुढे सांगते.

फरशीवरचा तो खडू पुसायच्या आधी काकांनी आणखी एक विचारलं. "हा ऐकलं म्हणाला, तो ऐकलं म्हणाला. मंग शेवटचं 'ऐकलं' त्या दुसऱ्याले पोचलं, हे पहिल्याले कोण सांगते? शेवटल्या पोचेची पोच कोण देते?" मी म्हटलं, उद्या सांगते. घरी जाऊन पुस्तकं उघडली आणि लक्षात आलं, की या प्रश्नावर फार मोठी माणसं डोकं आपटून बसली आहेत. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, "कोणीच नाही काका. कितीही वेळा पोच दिली तरी शेवटची एक तशीच राहते." मला वाटलं, ते नाराज होतील. पण ते म्हणाले, "म्हणजे कुठं तरी थांबा लागते. आन् थांबलं तिथं भरोसा ठेवा लागते. तुह्या यंत्राले भरोसा ठेवता येते का?" मी म्हटलं, नाही, ते ठरवून दिलेला वेळ वाट पाहतं आणि मग सोडून देतं. "बिचारं," काका म्हणाले.

आता जे सांगायचं ते सांगायला मला अजून जड जातं.

मिलमध्ये तापलेली लाल सळई तिला दाबणाऱ्या रोलमध्ये अडकली की रोल आपोआप थांबतात आणि फिटरला आत हात घालून ती काढावी लागते. काकांनी तिथे रेल्वेची पद्धत लावली होती. फिटरने कंट्रोल रूमला फोन करायचा. तिथल्या माणसाने रोल पक्के बंद करून तीन आकडी नंबर सांगायचा, दर वेळी नवा. फिटरने तो खडूने खांबावर लिहून परत वाचून दाखवायचा. मगच हात आत. मला हे जुनाट वाटलं. मी फिटरांना टॅबलेट दिले. बटण दाबलं की कंट्रोल रूमच्या पडद्यावर 'रोल बंद ठेवा' असा निरोप, आणि फिटरला हिरवी टिक. मॅनेजर साहेबांना मी सांगितलं, आता ते नंबर बंद करा, वेळ जातो. साहेब म्हणाले, ठीक आहे. सगळं तोंडी. काकांनी मला एकच प्रश्न विचारला, "हे हिरवी टिक कोण देते? कंट्रोल रूमचा माणूस, का मधातली पेटी?"

मला उत्तर माहीत होतं. मधली पेटी. मी म्हटलं, "काका, पेटीला मिळालं म्हणजे मिळालंच."

"पेटीले मिळालं. माणसाले?"

मी त्यांना पोच न देता निघून गेले.

एप्रिलमधल्या एका दुपारी पेटी आणि कंट्रोल रूममधली वायर तापून गेली. साहू भैया म्हणून आमचे फिटर होते, त्यांनी बटण दाबलं, हिरवी टिक आली, त्यांनी हात आत घातला. कंट्रोल रूमच्या माणसाला काहीच दिसलं नव्हतं. रोल उगाच थांबले असं समजून त्याने ते पुन्हा चालू केले. काका तिथून जात होते. जुन्या सवयीने त्यांनी खांबाकडे पाहिलं, खडूचा नंबर दिसला नाही, तेवढ्यावरून त्यांनी साहू भैयांची कॉलर धरून मागे ओढलं. दोघं पडले. साहू भैयांचा हातमोजा रोलमध्ये गेला, हात राहिला. काकांचं कोपर मोडलं.

दवाखान्यातून मी काकांच्याच फोनवरून काकूंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "फोन त्यायचा हाय, आवाज त्यायचा नाही. आज डब्यात काय होतं?" डबा आम्ही एकत्रच खाल्ला होता; मी रडत रडत सांगितलं, वांग्याची भाजी, तिळाची चटणी. मग त्या म्हणाल्या, "येतो."

चौकशीत साहेबांनी विचारलं, नंबरची पद्धत कुणी बंद केली? स्वतः हो म्हटलेलं त्यांना सोयीने आठवत नव्हतं. कागद कुठेच नव्हता. वायरांच्या कामाचे प्रमुख म्हणून नाव काकांचं होतं. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी टेबलावरच्या काचेखाली ठेवलेलं कॅलेंडर वाचत बसले. नवी नोकरी होती, घरी कौतुक होतं, आणि मी भित्री होते. दुसरं काही कारण नाही. काका म्हणाले, "वायरचं काम माह्याकडं हाय." एवढंच. महिन्याभरात त्यांना घरी बसवलं. मिलचा फोन, सिम, ओळखपत्र, सगळं त्यांनी जमा केलं. फाटकाशी हात गळ्यात अडकवून ते मला म्हणाले, "जातो." मी म्हणायला हवं होतं, जाता ना काका? बरं. ते क्षणभर थांबले, वाट पाहिली आणि गेले.

आठ महिने मी ते घेऊन वावरले. नंबर त्याच आठवड्यात परत सुरू झाले होते, पण ते पुरेसं नव्हतं. शेवटी साहेबांना सगळं लिहून दिलं, की पद्धत मी बंद करायला लावली, मेश्राम काकांचा दोष नाही. त्याची सही-शिक्क्याची पोचही घेतली. नोकरी सोडली. नवा रायपूरला दुसरी मिळाली. मग काकांना पत्र लिहिलं. गुढियारीतलं त्यांचं घर माझ्या घरापासून वीस मिनिटांवर, पण तिथे जायची हिंमत नव्हती आणि त्यांचा नवा नंबर माझ्याकडे नव्हता. पत्रात कबुली दिली, माफी मागितली, साहेबांना दिलेल्या कागदाची नक्कल जोडली. शेवटी माझा नंबर लिहून खाली लिहिलं, "मिळालं तर पोच द्या."

पोच आली नाही. आठवडा गेला, महिना गेला. ज्या माणसाने चहाच्या प्रश्नाचीसुद्धा पोच दिली, त्याने माझ्या पत्राची दिली नाही, याचा मी एकच अर्थ लावला. माफी नाही. मला वाईट वाटलं, मग रागही आला, मग मी रुसले. दुसरं पत्र पाठवलं नाही. रस्त्यात काय झालं ते आपल्याला माहीत नसतं, हे मला कुणी शिकवलं होतं ते मी विसरले असं नाही. मला आठवायचं नव्हतं.

दोन वर्षांनी साहू भैयांचा फोन आला. "दीदी, पोचवाले अंकल नहीं रहे." छातीचं दुखणं, चार दिवसांत आटोपलं. तेव्हा मात्र गेले. काकूंनी दार उघडलं, मी जयभीम केलं, त्यांनी जयभीम केलं. बैठकीत बुद्धमूर्तीच्या शेजारी काकांचा फोटो. मी नाव सांगितलं. काकूंनी मला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तुहं पत्र आलं होतं. त्यायनं दोनदा वाचून घेतलं माह्याकडून."

मी विचारलं, "मग काकांनी पोच का नाही दिली?"

त्या म्हणाल्या, "दिली ना. तीन दिवस दिली. माह्या फोनवरून. रोज दुपारी चार घंट्या, एकेक वाजवून तोडायची. मी म्हटलं, सरळ बोला ना पोरीशी. तं म्हणे, बोललो तं रडन ते. तिले घंट्या समजतात."

चार टोले. मधे काही अडकलेलं नाही, लाइन मोकळी.

मला ती दुपार आठवली. नवी नोकरी, समोर वीस-पंचवीस माणसं, मी त्यांना फसवणुकीपासून कसं वाचायचं ते शिकवत होते. माझा फोन एकदा वाजून थांबला. परत वाजून थांबला. असं चारदा. अनोळखी नंबर. मी फोन सगळ्यांना दाखवला आणि म्हटलं, बघा, हे असे कॉल येतात, एक घंटी देऊन तोडतात, आपण उलटून फोन केला की फसलो. ओळख पटल्याशिवाय लाइन द्यायची नाही. आणि त्यांच्यासमोर, कसं करायचं ते दाखवत, मी तो नंबर कायमचा बंद केला. काकांच्याच वाक्याने मी काकांना अडवलं होतं. पुढचे दोन दिवस त्यांनी दिलेल्या घंट्या माझ्यापर्यंत आल्याच नाहीत.

मी काकूंना हे सगळं सांगितलं. लपवून काय करणार होते? त्यांनी ऐकून घेतलं. "तीन दिवस फोन उशाशी घेऊन बसले होते," त्या म्हणाल्या. "चौथ्या दिवशी मले देऊन टाकला. मी म्हटलं, नाही ना दिली तिनं परत? तं म्हणे, पोचली असन. शेवटल्या पोचेची पोच नसते, तिथं भरोसा ठेवा लागते. मंग कधी नाव नाही काढलं वाईटानं. तुहा नंबर मातर जपून ठेवला फोनमंधी."

मी माझा फोन काढला. बंद केलेल्या नंबरांच्या यादीत शोधलं. काकूंनी त्यांचा नंबर सांगितला, मी तो वाचून दाखवला, त्या हव म्हणाल्या. तोच होता. मी तो मोकळा केला आणि लावला. काकांच्या फोटोखालच्या फळीवर काकूंचा फोन वाजला. एक घंटी होऊ दिली, तोडली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा चुकून दुसराच आकडा दाबला गेला, तो पुसून पुन्हा लावला. काकू जागच्या हलल्या नाहीत. चौथी घंटी झाली आणि फोन गप्प झाला.

काकूंनी पदराने फोन पुसला, फोटोसमोर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "घ्या. आली तिची."